इम्प्लांटचे आटे, त्याची मान आणि आबांच्या जबड्याचं हाड

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे आबा 63 वर्षांचे, पारोळ्याकडे शेती करतात. खालची डावी दाढ दोन वर्षांपूर्वी काढली, वरची उजवी गेल्या वर्षी. साखर आहे, गोळ्या चालू आहेत. एका डॉक्टरांनी दोन जागांना दोन वेगळे इम्प्लांट, म्हणजे काढलेल्या दाताच्या जागी हाडात बसवायचे आणि वर दात चढवायचे स्क्रू, सांगितले: खाली सरळ आणि बारीक आट्यांचा, वर निमुळता, खोल आट्यांचा आणि थोडा महाग. दात तीन-चार महिन्यांनी लावू म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी तर तीन दिवसांत पक्के दात मिळतील असं सांगितलं. तुम्ही विचारलंत, "दोन्ही टायटॅनियमच आहेत ना? मग नुसत्या आकाराने असा काय फरक पडतो?"

मी जळगाव जिल्ह्यात 22 वर्षं हे काम करतोय. उत्तर आधीच सांगतो: पहिल्या डॉक्टरांनी दोन जागांना दोन आकार सुचवले ते योग्यच केलं. खालचा जबडा आणि वरचा जबडा म्हणजे एकाच मालकाची दोन वेगळी रानं. इम्प्लांट हाड बघून निवडायचा असतो. हे पेशंटला नीट समजलं की मधले तीन महिने तो मनापासून सांभाळतो, म्हणून जरा लांबण लावून लिहितो.

पुष्कळांना वाटतं की इम्प्लांट म्हणजे भिंतीतला स्क्रू, घट्ट पिळला की काम झालं. पण भिंत निर्जीव असते आणि हाड जिवंत. स्क्रूभोवती दाबलं गेलेलं हाड पुढच्या काही आठवड्यांत शरीर स्वतःच कुरतडून काढतं आणि त्या जागी नवं हाड बांधतं. म्हणजे पहिल्या दिवशी इम्प्लांटला ज्या हाडाने धरलेलं असतं, ते दोन महिन्यांनी तिथे तसंच नसतं. ही अदलाबदल होईपर्यंत इम्प्लांट जागचा हलू नये, हे आकाराचं काम. नव्या हाडाने धातूला थेट भिडावं, हे पृष्ठभागाचं काम. आणि भिडलेलं हाड पुढे 15-20 वर्षं टिकावं, हे मानेचं, म्हणजे इम्प्लांटच्या हिरडीकडच्या टोकाचं, आणि वरच्या दाताशी असलेल्या जोडाचं काम. डॉक्टर जेव्हा 'डिझाइन' म्हणतात तेव्हा ही तिन्ही कामं त्यात आली.

हाड धातूला असं भिडतं हे सापडलं तेसुद्धा दुसरंच काही शोधताना. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे दातांचे डॉक्टर नव्हतेच. 1950 च्या दशकात ते सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी नळकांडी बसवून आतला रक्तप्रवाह सूक्ष्मदर्शकातून पाहत होते. प्रयोग संपल्यावर नळकांडी काढायला गेले, तर ती निघेनात. हाड धातूला चिकटून वाढलं होतं. 1965 मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन या माणसाच्या खालच्या जबड्यात पहिले टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. 2006 मध्ये लार्सन वारले, तोवर ते काम देत होते. त्याच काळात इतरत्र पात्यासारखे चपटे इम्प्लांट हाडात खाच पाडून ठोकत आणि त्यांवर लवकर दात चढवत. त्यातल्या पुष्कळांच्या भोवती हाडाऐवजी तंतूंचा मऊ थर तयार व्हायचा आणि इम्प्लांट त्यात डुगडुगायचा. ब्रोनेमार्कांनी आट्यांचा स्क्रू घेतला, हाड तापू दिलं नाही, आणि हिरडीखाली झाकून खालच्या जबड्याला साधारण तीन महिने, वरच्याला सहा महिने विश्रांती दिली. 1982 च्या टोरंटोच्या परिषदेनंतर जगभरच्या दंतवैद्यांनी ही पद्धत उचलली. तुम्हाला सांगितलेले तीन महिने हे तिथून चालत आलेले आहेत.

आता आबांना समजेल असं सांगतो. कुंपणाचा खांब रोवायचा असेल तर आबा आधी जमीन बघतील. मुरमाड माळावर पहारीने नेमका खड्डा करून सरळ खांब उभा केला की तो हलत नाही. तिथे टोकदार जाड खांब जबरदस्तीने ठोकला तर खांब तरी फुटेल नाहीतर कड तरी ढासळेल. तापीकाठच्या भुसभुशीत वाळवटात उलटं. तिथे खांबाच्या मापाचा खड्डा केला तर खांब डुलत राहतो. खड्डा लहान ठेवून, टोक केलेला खांब आत दाबत न्यावा लागतो, म्हणजे बाजूची माती दाबली जाऊन तीच त्याला धरते.

जबड्याचंही असंच आहे. खालच्या जबड्यात, विशेषतः पुढच्या बाजूला, बाहेरचं कठीण कवच जाड असतं. वरच्या जबड्यात मागे, दाढांच्या जागी, कवच पातळ आणि आत जाळीदार मऊ हाड. त्यावर सायनसची पोकळी खाली उतरलेली. ड्रिल हातात असलं की हा फरक डोळे मिटूनही कळतो. खाली ड्रिल दमाने पुढे सरकतं आणि त्याच्या खाचांत रक्ताने माखलेला पांढरा चुरा भरून येतो. वर मात्र कवच ओलांडलं की ड्रिल एकदम आत जातं, थर्मोकोलमध्ये शिरावं तसं, आणि खाचांत चुरा जेमतेम दिसतो.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट आहे. यावलकडच्या एका बाईंच्या वरच्या दाढेच्या जागी मी सरळ, बारीक आट्यांचा इम्प्लांट घेतला, कारण खालच्या जबड्यात त्याचे निकाल मला छान मिळत होते. ड्रिलही पुस्तकात दिलेल्या शेवटच्या मापापर्यंत नेलं. इम्प्लांट तळाला टेकला आणि रॅचेट, म्हणजे तो पिळायचा पाना, फिरतच राहिला. शेवटच्या वेढ्याला हाताला जो विरोध लागायला हवा, तो लागलाच नाही. बारीक आट्यांना धरायला तिथे हाडच नव्हतं, आणि जे होतं ते मी ड्रिलने काढून टाकलं होतं. तो इम्प्लांट काढून, जागा भरू देऊन, काही महिन्यांनी निमुळता आणि खोल आट्यांचा बसवला. त्या वेळी ड्रिल एक माप आधीच थांबवलं. बाईंना दोनदा शस्त्रक्रिया सोसावी लागली, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून वरच्या मागच्या जागेला मी सरळ इम्प्लांट लावत नाही.

निमुळत्या आकाराचं मर्म हेच. तो खाली जाताना बाजूचं मऊ हाड थोडं थोडं दाबत जातो आणि ते दाटतं. खोल आटे त्या जाळीत लांबवर शिरतात, त्यामुळे हाडाशी संपर्काची जागा वाढते. आट्यांमधलं अंतरही बघतात. 10 मिलिमीटरच्या आटेदार लांबीत 0.6 मिलिमीटर अंतर असेल तर सोळाएक वेढे बसतात, 1.2 असेल तर आठच. वेढे जास्त तर धरायला कडा जास्त, पण इम्प्लांट आत जायला फेरेही जास्त लागतात. म्हणून काही कंपन्या दोन आटे बरोबरीने गुंडाळतात. त्यात कडा तेवढ्याच राहतात आणि एका फेऱ्यात इम्प्लांट दुप्पट खाली उतरतो. मऊ हाडात फेरे कमी झालेले बरेच, कारण प्रत्येक फेऱ्याला भोक थोडं सैल होण्याचा धोका असतो.

आट्याच्या आकाराला तर त्याहून महत्त्व आहे. हाड दाब उत्तम सोसतं. ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या मानाने साधारण 30 टक्के कमी, आणि एकमेकांवर घसरणाऱ्या, कातरणाऱ्या जोराला तर 65 टक्क्यांच्या आसपास कमी. चावताना जोर वरून खाली येतो. आट्याची खालची बाजू आडवी, सपाट असेल तर तो जोर हाडावर दाब म्हणून पडतो. आटा इंग्रजी व्ही सारखा तिरपा असेल तर त्यातला काही भाग कातरण्यात जातो. म्हणून चौकोनी किंवा एका बाजूने सपाट आटे आले. कठीण हाडात व्हीचे आटेही उत्तम चालतात, तिथे हाडाची ताकदच पुरेशी असते. मऊ हाडात मात्र मी चौकोनी किंवा एका बाजूने सपाट आट्याकडेच जातो.

मग सगळीकडे निमुळता आणि खोल आट्यांचाच का नको, असं तुम्ही म्हणाल. कठीण हाडात तो अती घट्ट होतो. काही वर्षांपूर्वी एका तरुण शेतकऱ्याच्या खालच्या जबड्यात मी तसाच आक्रमक आट्यांचा इम्प्लांट लावला. रॅचेटवरचा टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, 70 न्यूटन-सेंटिमीटरच्या वर गेला आणि मला वाटलं, झकास बसला. पुढे पाचव्या आठवड्यात त्याला तिथे ठसठस सुरू झाली. एक्स-रेत इम्प्लांटभोवती काळी रेघ दिसली आणि हाताने फिरवताच तो निघून आला. हाड इतकं आवळलं गेलं होतं की त्यातलं रक्ताभिसरणच तुटलं. कठीण हाडात रक्तवाहिन्या आधीच कमी, ते दाबून धरलं की मरतं. अशा हाडात सरळ, उथळ आट्यांचा इम्प्लांट बरा, आणि गरज पडली तर आधी हाडात आटे पाडून घ्यायचे. आबांच्या खालच्या दाढेसाठी नेमकं हेच सुचवलंय.

कठीण हाडाचा दुसरा शत्रू उष्णता. हाड 47 अंशाला एक मिनिट राहिलं तरी त्याला कायमची इजा होते, हे 1980 च्या दशकातल्या प्रयोगांतून पक्कं झालं. बोथट ड्रिल, जास्त दाब, कमी पाणी, आणि हे तापमान सहज गाठलं जातं. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या घरात असतो, तेव्हा सलाइनच्या बाटल्या मी आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये ठेवतो. इम्प्लांटचं डिझाइन कितीही उत्तम असो, भाजलेल्या हाडात तो रुजत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, तीन महिने कशाला. बसवलेल्या दिवशी इम्प्लांट जो घट्ट असतो ती पकड नुसती यंत्राची, खिळा लाकडात रुततो तशी. पुढे ती पकड दिवसागणिक उतरत जाते, कारण दाबलेलं जुनं हाड झडत असतं. दुसरीकडे पहिल्या आठवड्यापासून आट्यांमधल्या रक्ताच्या गाठीतून नवं, कच्चं हाड विणलं जाऊ लागतं. एक पकड उतरते, दुसरी चढते, आणि मधे, दुसऱ्या ते चौथ्या आठवड्याच्या सुमारास, दोन्ही मिळूनही जोर कमीच असतो. पेशंटला मात्र याच दिवसांत सगळ्यात बरं वाटतं. सूज गेलेली असते, टाके निघालेले असतात, दुखणं नसतं.

भडगाव तालुक्यातल्या एका काकांना वरच्या दाढेचा इम्प्लांट लावून मी त्यावर लगेच तात्पुरता दात दिला होता. टॉर्क 25 च्या आसपासच आला होता, तरी त्यांच्या घरात लग्न होतं म्हणून मी आग्रहाला बळी पडलो. लग्न तिसऱ्या आठवड्यात. पंगतीत वरण-बट्टी. आमच्याकडची बट्टी तळून कडक केलेली, वरणात नीट मुरली नाही तर दाताखाली दगडासारखी लागते. ते त्याच बाजूने चावले. आठवड्याने आले आणि म्हणाले, "भाऊ, दात हालस." हात लावला तर खरंच हलत होता. नवं हाड विणलं जात असताना इम्प्लांट 100 ते 150 मायक्रॉनपेक्षा जास्त हलला, म्हणजे जेमतेम एखाद-दोन केसांच्या जाडीएवढा, तर शरीर तिथे हाडाऐवजी तंतू विणतं. एकदा तंतूंचा थर झाला की तो परत हाड होत नाही. चूक काकांची नव्हती. टॉर्क कमी असताना दात द्यायलाच नको होता.

म्हणून साधारण 35 न्यूटन-सेंटिमीटर टॉर्क मिळाला तरच लगेच दात द्यायचा विचार करतात. एक सेंटिमीटरच्या दांड्यावर साडेतीन किलोच्या आसपास जोर लावल्यावर जेवढा पीळ बसेल तेवढा तो. लगेच दात दिला तरी तो चावण्याच्या रेषेपेक्षा आखूड ठेवायचा. शिवाय आता कंपनाने स्थिरता मोजायचं यंत्र आहे. इम्प्लांटमध्ये छोटी चुंबकी खुंटी बसवतात, यंत्र तिला न शिवता थरथरवतं आणि 1 ते 100 मधला एक आकडा देतं. 70 च्या वर असेल तर निश्चिंत, 60 च्या खाली असेल तर थांबायचं. मी तो आकडा बसवल्या दिवशी घेतो आणि दात लावण्याआधी पुन्हा घेतो. एका आकड्यापेक्षा तो चढतोय की उतरतोय हे जास्त बोलकं असतं. यंत्र नव्हतं तेव्हा आम्ही आरशाच्या दांडीने इम्प्लांटवर टिचकी मारून आवाज ऐकायचो. हाड धरलेला इम्प्लांट टणटणीत वाजतो, न धरलेला बद्द. अजूनही माझा हात आधी त्या दांडीकडेच जातो.

पृष्ठभागाबद्दल फार लांबवत नाही. सुरुवातीचे इम्प्लांट लेथवर कातलेले, गुळगुळीत असायचे. 1990 च्या दशकात वाळूसारख्या कणांचा मारा करून वर आम्लाने कोरलेले खरखरीत पृष्ठभाग आले. खरखरीतपणा एक ते दोन मायक्रॉनचा, डोळ्यांना फक्त करडा, मंद रंग दिसतो. या खरखरीला रक्ताची गाठ घट्ट धरून राहते, आणि हाड बनवणाऱ्या पेशी त्या धाग्यांवरून चालत थेट धातूपर्यंत पोचतात. हाड मग दोन्हीकडून वाढतं, भोकाच्या भिंतीकडून आणि इम्प्लांटच्या अंगावरूनही. गुळगुळीत पृष्ठभागावर बहुतेक काम एकाच बाजूने चालायचं. वरच्या जबड्याचे आधीचे सहा महिने आता तीनवर आले ते मुख्यतः यामुळे, आणि साखर असलेल्या, मऊ हाडाच्या पेशंटला याचा सगळ्यात जास्त फायदा होतो. पाणी ओढून घेणारे पृष्ठभाग आले आहेत, त्यांत हे आणखी लवकर होतं. आबांसाठी दोन्हीकडे खरखरीत पृष्ठभागाचाच घ्या, यात तडजोड नको. धातूच्या ग्रेडबद्दल फार डोकं शिणवू नका. नावाजलेल्या कंपन्यांचं टायटॅनियम एवढ्या कामाला पुरेसं मजबूत असतं.

मानेबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण पेशंट आणि काही डॉक्टरही तिकडे दुर्लक्ष करतात. आपल्या दाताला मुळाभोवती तंतूंची गादी असते, त्यामुळे चावताना दात किंचित खाली दबतो. इम्प्लांटला गादी नाही, हाड थेट धातूला. टायटॅनियम हाडापेक्षा कित्येक पट ताठ आहे, त्यामुळे चावण्याचा जोर पूर्ण लांबीत सारखा वाटला जात नाही, वरच्या पहिल्या काही मिलिमीटरमध्ये, मानेपाशी गोळा होतो. शिवाय इम्प्लांट आणि वरचा दात यांच्या सांध्यात सूक्ष्म फट राहते, तिथे जंतू बसतात, आणि त्या फटीपासून शरीर हाड थोडं मागे घेतं. म्हणूनच जुन्या, डोक्यावरच्या षटकोनी उंचवट्यावर दात बसवायच्या इम्प्लांटमध्ये पहिल्या वर्षी दीड मिलिमीटरपर्यंत हाड उतरलं आणि पुढे दरवर्षी 0.2 मिलिमीटरपेक्षा कमी, तर ते यशच मानत.

यावरचा एक उपाय ओघात हाती लागला. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला रुंद इम्प्लांट बाजारात आले, पण त्यांच्या मापाचे, दात ज्यावर चढवतात ते वरचे भाग तयार नव्हते. मग डॉक्टरांनी अरुंद भागच वर लावले. काही वर्षांनी एक्स-रे पाहिले तर मानेचं हाड अपेक्षेपेक्षा कमी उतरलेलं. फट कडेवरून आत, मध्याकडे सरकली होती आणि हाडापासून लांब गेली होती. आज बहुतेक चांगले इम्प्लांट मुद्दाम असेच बनवतात. त्यात आतला शंकूसारखा जोड असेल, म्हणजे बाटलीच्या तोंडात बूच आवळून बसावं तसा, तर फट आणखी बारीक होते आणि वरचा भाग आत हलत नाही. मानेवर अगदी बारीक आटे असतील तर जोर तिथल्या हाडावर पसरतो. उलट मान गुळगुळीत असेल तर ती हाडाच्या पातळीच्या खाली गाडू नये, कारण गुळगुळीत भागाला हाड टिकून राहत नाही, ते खरखरीत भागापर्यंत खाली येतं. माझ्याकडे दुसरं मत घ्यायला येणाऱ्या पेशंटांच्या एक्स-रेत हा प्रकार मी बऱ्याचदा पाहिला आहे.

जाडी आणि लांबी यांत लोक लांबीच्या मागे लागतात. जोर मानेपाशी येत असल्यामुळे जाडीचा उपयोग जास्त. साडेतीनऐवजी साडेचार मिलिमीटर व्यास घेतला तर तेवढ्याच लांबीत बाजूचं क्षेत्रफळ जवळजवळ 29 टक्क्यांनी वाढतं. पण जाड इम्प्लांट बसवून बाहेरच्या बाजूला दीड-दोन मिलिमीटर हाड उरणार नसेल तर ती जाडी नुकसान करते, पातळ भिंत विरघळते. दोन वर्षं मोकळी राहिलेली जागा सहसा रुंदीत आक्रसलेली असते, त्यामुळे आबांचा त्रिमितीय सीबीसीटी स्कॅन झाल्याशिवाय माप ठरवू देऊ नका. खाली नसेच्या वर दोन मिलिमीटर अंतर राखायचं असतं. वर सायनस किती खाली आलाय तेही त्यातच कळेल. वर आठ मिलिमीटरही हाड नसेल तर सायनसखाली हाड भरावं लागेल किंवा आखूड इम्प्लांटचा विचार करावा लागेल.

तीन दिवसांच्या दातांबद्दल. ते इम्प्लांट बहुधा एकसंध, गुळगुळीत आणि लांब असतात. मधलं मऊ हाड सोडून खोलवरच्या कठीण कवचात त्यांचं टोक अडकवतात आणि तीन दिवसांच्या आत सगळे एका ताठ पट्टीने एकमेकांना बांधतात. एकमेकांना बांधल्यामुळे एकेकटा हलत नाही, हा त्यामागचा विचार आहे. पूर्ण जबडा दातांविना असेल आणि मागचं हाड फारच झिजलेलं असेल, तर अनुभवी हातात त्याला जागा आहे. आबांची एकेक दाढ गेली आहे, बांधायला शेजारी दुसरा इम्प्लांट नाही. वरच्या मऊ हाडात एकट्या इम्प्लांटवर तिसऱ्या दिवशी दात चढवणं म्हणजे ती बट्टीची गोष्ट पुन्हा. माझा सल्ला स्पष्ट आहे: यांच्यासाठी नको.

साखरेचं सांगायचं तर तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी, एचबीएवनसी, करून घ्या. मी 7 च्या आसपास किंवा खाली आल्यावरच हात लावतो, 8 च्या वर असेल तर फिजिशियनकडे परत पाठवतो. साखर जास्त असली की हाड विणायचा वेग मंदावतो, म्हणजे तो मधला कमजोर काळ लांबतो. आबा तंबाखू खात असतील किंवा विडी ओढत असतील तर डॉक्टरांपासून लपवू नका. आपल्याकडे घरातल्या मोठ्या बायका मिश्री लावतात आणि तिला तंबाखू मानतच नाहीत, म्हणून मी आता मिश्रीचं वेगळं विचारतो. शस्त्रक्रियेच्या आधी दोन आठवडे आणि नंतर दोन महिने बंद ठेवायला लावतो. हाडाच्या ठिसूळपणासाठी इंजेक्शन किंवा गोळ्या चालू असतील तर तेही आधीच सांगा.

पहिल्या डॉक्टरांकडे परत जाल तेव्हा स्कॅनवर हाड कसं दिसतंय, वर शेवटचं ड्रिल एक माप लहान ठेवणार का, जोड आतला शंकूचा आहे का, आणि टॉर्क कमी आला तर काय करणार, हे निवांत विचारा. शेवटच्या प्रश्नाला "मग झाकून ठेवू आणि थांबू" असं उत्तर आलं तर त्यांच्याकडेच करा. पहिले दोन महिने त्या बाजूला काही चावायचं नाही. दादर ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, खिचडी, भरीत चालेल. शेतातून येताना खिशात फुटाणे ठेवायची सवय असेल तर ते तेवढे दिवस घरीच राहू द्या.

आणि बसवल्या दिवशी इम्प्लांटच्या डबीवरचा स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनी, व्यास, लांबी आणि लॉट नंबर असतो. प्रत्येक कंपनीचा जोड वेगळा, त्यामुळे दहा वर्षांनी वरचा स्क्रू सैल झाला आणि ते डॉक्टर गावात नसले, तर त्या स्टिकरशिवाय दुसऱ्या डॉक्टरला कोणती चावी लावायची हे समजत नाही. दोन्ही इम्प्लांटचे दोन स्टिकर आबांच्या साखरेच्या फाइलमध्येच चिकटवून ठेवा, ती फाइल घरात कधी हरवत नाही.